वाचले, बरोबर आहे

१

कुलूप शाबूत, कपाट शाबूत, कपाटातली धूळसुद्धा शाबूत. नव्हती ती फक्त वही.

धुळीत तिच्या जागी एक स्वच्छ चौकोन उरला होता. तपासनीस बाई त्या चौकोनाकडे बघत राहिल्या आणि त्यांना पहिला राग आला तो चोराचा नव्हे, धुळीचा. दारावर पितळी अक्षरांत 'परंपरागत ज्ञानाचे रक्षण' आणि आत त्या ज्ञानावर बोटभर धूळ! पितळ मात्र रोज घासत असावेत, कारण त्यात तोंड दिसत होतं.

बाई वरच्या कार्यालयातून आल्या होत्या. पाठीमागे सगळे त्यांना 'टाचणी' म्हणत. एकदा फायलीत शिरल्या की कोणाच्या ना कोणाच्या बोटाला टोचल्याशिवाय राहत नाहीत म्हणून. हे त्यांना माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

"उद्या अकराला सुनावणी आहे हो बाई, आणि आज हे!" साहेब म्हणाले. साहेब म्हणजे या नोंदणी कार्यालयाचे प्रमुख. महिनाअखेरीस निवृत्त व्हायचे होते. त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. डोळे कोरडे होते ते कोरडेच राहिले.

प्रकरण साधं होतं आणि म्हणूनच ओकारी आणणारं होतं. भाजलेल्या जखमेवर लावायचा एक लेप. गावाबाहेरच्या एका म्हातारीच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या बनत आलेला. अकरा वर्षांपूर्वी या कार्यालयाच्या माणसांनी तिच्या दारात बसून कृती ऐकली आणि वहीत उतरवली, इतर अठरा घराण्यांच्या औषधांसोबत. तीन वर्षांपूर्वी एका बड्या कंपनीने तोच लेप आपला शोध म्हणून पुढे केला आणि पेटंट मिळवलं. मग कंपनीची नोटीस आली, म्हातारीच्या लेकीला: आमचा लेप बनवणं बंद करा. 'आमचा'! कार्यालयाने हरकत घेतली होती. उद्या वही दाखवता आली नाही तर ती हरकत फेटाळली जाणार आणि ती बाई स्वतःच्या चुलीपुढे चोर ठरणार.

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक लेखनिकाकडे. प्राध्यापक त्याच्याकडून मागून नेतात कधीकधी."

"म्हणजे तिघं."

"माझ्यावर संशय घेताय?" साहेब हसले आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर मोठी रंगीत तसबीर होती. बाटलीच्या काचेसारख्या गडद हिरव्या कोटातले अकरा वर्षांपूर्वीचे साहेब आणि शेजारी जमिनीवर बसलेली म्हातारी. खुर्ची एकच होती. "या लोकांसाठी आयुष्य वेचलंय मी."

तसबीर नीट बघायला बाई पुढे झुकल्या आणि टेबलावरच्या किटलीच्या वाफेने त्यांचं मनगट भाजलं. साहेबांनी "अरेरे" म्हणून घंटी दाबली. कोणीच आलं नाही.

२

वही कशी होती हे आधी लेखनिकाने सांगितलं. वाकलेला, पन्नाशीचा, बोटांना कायमची शाई.

"माझ्याच हातची आहे. चाळीस पानं. लिहून झाल्यावर प्राध्यापकांनी तपासली, मग साहेबांकडे गेली. प्रत्येक पानाखाली साहेबांच्या हातचं आहे, 'वाचले, बरोबर आहे' आणि सही. नंतर मी लाल दोऱ्याने बांधली. माझी गाठ दुसऱ्या कोणाला जमत नाही."

"लेपाच्या पानावर काय होतं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं! तेल, मेण, दोन झाडांच्या साली आणि कोंबडीचं जळलेलं पीस. ती बोलली तसं लिहिलं. काना-मात्रा पदरचा नाही."

बाईंनी पिशवीतून पेटंटची प्रत काढली. तेल होतं. मेण होतं. दोन्ही साली होत्या. पाचव्या जागी मात्र पीस नव्हतं. 'अंड्याच्या टरफलाचे भस्म.' पुढे आलेख होता, रंगीत: 'टरफलाच्या भस्मामुळे जखम आश्चर्यकारकरीत्या चाळीस टक्के लवकर भरते, हाच या शोधाचा गाभा.'

"पीस नक्की?"

"बाई, त्या पिसाच्या वासाची आठवण आली तरी अजून नाक दाबतो मी."

वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक तळमजल्यावर वाळक्या पानांच्या गठ्ठ्यांत बसले होते. वहीचं नाव काढताच ते उसळले.

"गेली? जाऊ दे! चुकांचं भांडार होतं ते. मी स्वतंत्रपणे गेलो होतो म्हातारीकडे. मला तिने काय सांगितलं? माशाचं खवलं. वहीत काय? पीस! मी समासात पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढलंय. म्हातारीचं डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय? ओळ न् ओळ वाचलीय मी, बाई. माझ्याइतकी कोणी वाचली नसेल."

"पण वही वाचवायला हवी होती असं नाही वाटत?"

"मला शास्त्र वाचवायचं असतं," प्राध्यापक म्हणाले आणि पुन्हा भिंगात डोकं घातलं. एक बाई आपल्याच घरात चोर ठरत होती आणि या गृहस्थांना काळजी होती समासातल्या प्रश्नचिन्हाची. बाईंना वाटलं, भिंग उचलून खिडकीबाहेर फेकावं.

परत वर येऊन त्यांनी साहेबांना तोच प्रश्न विचारला. वहीत काय होतं?

"कंपनीच्या अर्जात आहे तेच! शब्दशः!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "तेल, मेण, साली, अंड्याचं टरफल. वहीतून उचललंय लेकाच्यांनी. म्हणून तर वही गायब केली कोणीतरी. ती उघडली असती तर कंपनीचे बारा वाजले असते. लेखनिकाला जरा आवळा, बाई. गरीब माणूस आहे, मोहात पडला असेल बिचारा."

'बिचारा' म्हणताना साहेबांनी जीभ अशी लाडात टाळूला लावली की बाई तडक उठून बाहेर पडल्या.

त्या जिन्यात येऊन थांबल्या. एक म्हातारी, एक लेप. एकाला पीस, दुसऱ्याला खवलं, तिसरा म्हणतो टरफल. तिघांपैकी दोघं खोटं बोलताहेत, की म्हातारीच खोटी?

म्हातारीच खोटी असेल, तर उद्या वाचवायचं तरी काय होतं?

३

गावाबाहेरच्या त्या घराला दोनच खोल्या होत्या. म्हातारी उन्हात बसून साल कुटत होती. लेक आत होती. दारातच बाईंचं मनगट तिला दिसलं आणि ती चटकन उठली.

"अगं बाई, भाजलंय की! किती फोड आलेत!" ती फळीकडे वळली आणि तिथेच थांबली. फळी रिकामी होती. "डबे कंपनीची माणसं घेऊन गेली. करून दिला असता आत्ता, पण नोटीस आहे. कोणाला लावला तरी गुन्हा म्हणे." तिने पाण्याचा तांब्या आणून बाईंच्या हातावर ओतला. "माझ्या आईच्या आजीचा लेप, आणि आता मी तो पाहुणीच्या हाताला लावायचा नाही."

थंड पाण्याने जरा बरं वाटलं. तीन वर्षं फायली फिरत होत्या, शेरे पडत होते आणि इथे भाजलेल्या हातावर पाणी ओतलं जात होतं.

बाईंनी आडवळणं न घेता विचारलं, "मावशी, तुम्ही तिघांना तीन वेगळ्या गोष्टी का सांगितल्यात?"

म्हातारी कुटायची थांबली नाही. "सांगितल्या खऱ्या."

"उद्या वकील तुम्हाला खोटारडी म्हणेल!"

"दाराला कुलूप लावलं तर ते काय खोटं बोलणं झालं?" म्हातारीने बत्ता खाली ठेवला. "आमच्यात परक्याला सांगायची रीत आहे, बाई. एक चढवायचं, एक गाळायचं. चढवलेलं निरुपयोगी, पण अपाय न करणारं. आणि प्रत्येकाला निराळं. विहिरीत घाण पडली तर कोणाच्या पोहऱ्यातून पडली ते कळायला नको?"

"आणि गाळलेलं?"

"ते विचारू नकोस."

"नाही विचारत," बाई म्हणाल्या. त्यांनी पेटंटची प्रत काढली. "पण ही कंपनीची कृती तुम्ही ऐकलीत तेव्हाच बोलायचं ना!"

"मला कोणी वाचून दाखवली?"

बाईंना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तीन वर्षं, दोन वकील, एक प्राध्यापक, एक साहेब! आणि जिच्यासाठी सगळं चाललंय, तिला कोणी तो कागद वाचून दाखवला नव्हता. त्यांनी खाली बसकण मारली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. तेल, मेण, साली. म्हातारी मान हलवत होती. 'अंड्याच्या टरफलाचे भस्म' आलं आणि ती हसायला लागली. आलेखातले चाळीस टक्के ऐकून तर तिला ठसकाच लागला. लेकीने पाठीवर थापट्या मारल्या.

"टरफलाने जखम भरते म्हणे! अगं, मग कोंबड्या कधी मेल्याच नसत्या!"

ती आत गेली आणि एक जाड दोर घेऊन आली. दोराला गाठी होत्या आणि प्रत्येक गाठीत काहीतरी अडकवलेलं.

"ऐकायला येईल त्याने एकट्याने यायचं आणि आधी अंगावरच्या कपड्याचा एक धागा द्यायचा. त्या धाग्याने त्याचं चढवलेलं इथे बांधायचं. हे बघ, लिहिणाऱ्याचं." तपकिरी लोकरीत जळकं पीस. "हे पानं गोळा करणाऱ्याचं." पांढऱ्या-काळ्या धाग्यात माशाचं खवलं. "आणि हे तुझ्या कागदातलं टरफल. टरफल मी उभ्या जन्मात एकालाच सांगितलंय."

तिसऱ्या गाठीतला धागा बाईंनी उजेडाला धरला. त्या रंगाचा कोट त्यांनी सकाळीच पाहिला होता.

४

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि हात ठणकत होता. कंपनीला कृती कोणी दिली ते कळलं होतं. पण धाग्याला उद्या कोण विचारणार? वकील हसून म्हणेल, म्हातारीने काल बांधला असेल. आणि वही? वही कोणी नेली?

वहीत पीस होतं. लेखनिकानेही तेच सांगितलं, प्राध्यापकांनीही, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, म्हणजे संगनमत नाही. वहीत पीस, कंपनीकडे टरफल. मग उद्या ती वही उघडली असती तर फायदा कोणाचा? कंपनीचा! त्यांचा वकील टाळ्या वाजवत उभा राहिला असता: बघा, आमचा गाभा टरफल, यांच्या नोंदीत टरफल नाहीच, म्हणजे शोध आमचाच!

ती वही म्हणजे कंपनीला आयतं मिळालेलं ताट होतं. ते ताट कंपनीच्याच माणसाने लाथाडलं. का? तर त्यात काय वाढलंय हे त्याला माहीत नव्हतं. आपण ऐकलं तेच वहीत असणार, असं तो धरून चालला होता.

म्हणजे चोराने वही कधी वाचलीच नव्हती.

लेखनिकाने ती लिहिली होती. प्राध्यापकांनी समासात भांडत भांडत वाचली होती. उरला तो, ज्याने चाळीस पानांखाली चाळीस वेळा लिहून दिलं होतं, वाचले, बरोबर आहे.

बाईंना हसूही येईना आणि रडूही येईना. एखादा हुशार चोर भेटला असता तर निदान त्याचा राग तरी धरता आला असता. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "बस लागते का तुम्हाला?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "माणसं लागतात."

घरी जाऊन त्यांनी तीन कागद टाइप केले.

५

सकाळी नऊ वाजता तिघं साहेबांच्या खोलीत जमले. म्हातारी आणि तिची लेक बाहेरच्या बाकावर होत्या. साहेबांनी त्यांना आत बोलावलं नव्हतं.

"वही नाही, तर निदान तुमचे तिघांचे जबाब घेऊन जाते," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाचा निराळा आहे. कृपा करून नीट वाचा आणि मगच सही करा."

प्राध्यापकांनी कागद दोनदा वाचला, एका झाडाच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली, "हं, बरोबर लिहिलंय" असं जरा नाराजीनेच म्हणाले आणि सही केली. लेखनिकाने प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत वाचलं, ओठ हलवत, आणि सही करून कागद फुंकरून वाळवला.

साहेब फोनवर बोलत होते.

"साहेब, वाचून घ्या," बाई म्हणाल्या.

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "तुम्ही लिहिलंय ना? मग काय बघायचं?"

"तरीही. जबाब आहे. वाचा."

"हो, हो." त्यांनी पेनाचं टोपण उघडलं. फोनमध्ये कोणीतरी विनोद केला असावा, कारण ते हसले.

"साहेब, तिसऱ्यांदा सांगते. वाचा."

साहेबांनी कागदाच्या तळाशी झोकात लिहिलं, 'वाचले, बरोबर आहे.' खाली सही, तारीख, आणि एक लफ्फेदार रेघ. मग फोन ठेवून कागद बाईंकडे सरकवला. "झालं? चहा घेणार?"

"आधी हे ऐका." बाईंनी चष्मा लावला. "'अकरा वर्षांपूर्वी माझ्या हिरव्या कोटाचा धागा देऊन मी म्हातारीकडून लेपाची कृती ऐकली. तिने मला पाचवी वस्तू अंड्याचे टरफल सांगितली. ती तिने अन्य कोणालाही सांगितलेली नाही आणि ती वहीतही नाही. ही कृती मी कंपनीला दिली. वही मीच कपाटातून काढली, कारण तीत टरफल आहे असा माझा समज होता.' खाली तुमची सही. दोन साक्षीदारांदेखत."

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले.

"हा फसवणुकीचा प्रकार आहे! मी वाचलंच नाही हे!"

"असं म्हणता?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मग उद्यापासून तेच सांगा सगळीकडे, की मी न वाचता 'वाचले' लिहितो. म्हणजे वहीची चाळीस पानं गेली. आणि तुमच्या सहीवर या इमारतीत तीस वर्षांत जे जे उभं राहिलं, त्याचीही चौकशी होईल, एकेका कागदाची. मी स्वतः करीन. मला वेळ आहे. एकतर ही सही खरी, साहेब, नाहीतर तुमची एकही सही खरी नाही. निवडा."

साहेबांनी तसबिरीकडे पाहिलं. बाईंनी ती भिंतीवरून काढून टेबलावर ठेवली, कोट वर येईल अशी. शेजारी दोर ठेवला, हिरवा धागा त्या कोटाला टेकवून.

"निवृत्तीनंतर कंपनीत सल्लागाराची खुर्ची देणार होते," साहेब पुटपुटले. "नुसती खुर्ची हो. गाडीसुद्धा नाही."

लेखनिक अकरा वर्षं या माणसाला वाकून नमस्कार करत आला होता. त्याने तोंड फिरवलं.

"वही कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी बॅग उघडली. वही सगळ्यात खाली होती. लेखनिकाने झडप घालून ती घेतली, उलटीपालटी केली आणि तो एकदम ओरडलाच.

"बाई, बघा! माझी गाठ! लाल दोरा जसाच्या तसा आहे. सुटलेलाच नाही!"

चोरून नेल्यावरसुद्धा त्या माणसाने वही उघडून पाहिली नव्हती. बाईंना तीस वर्षांच्या नोकरीत लबाड भेटले होते, खादाड भेटले होते, पण इतकी शिसारी कधी आली नव्हती. त्यांनी साहेबांचा पेन उचलला, टोपण लावलं आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

जिन्यात प्राध्यापकांनी त्यांना गाठलं. ते जरा ओशाळलेले दिसत होते. "बाई, त्यांनी वाचलं असतं तर?"

"तर मी त्यांची माफी मागितली असती. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी वाचलं म्हणून."

६

अकराला सुनावणी सुरू झाली आणि साडेबाराला संपली. बाईंनी जबाब, वही आणि दोर, तिन्ही पुढे ठेवली, पिसासकट काही लपवलं नाही. चढवण्याची रीत म्हातारीने स्वतः सांगितली. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "आणि गाळता काय?" म्हातारी म्हणाली, "तुमचा आलेख बघा की त्यात." वकील खाली बसला. कृती दुसऱ्याची चोरलेली, म्हणून पेटंट रद्द झालं आणि नोटीसही गेली. चाळीस टक्क्यांचा आलेख कोणी आणि कशावरून काढला, त्याची चौकशी वेगळी लागली.

साहेबांना महिनाअखेरीस निरोपाचा समारंभ मिळाला नाही. आधी तो ठरला होता, आणि हार घेऊन ठेवा असं सांगणारा कागद बाईंनी स्वतः पाहिला. त्यावर खाली लिहिलं होतं, वाचले, बरोबर आहे. तो त्यांनी फाडला.

सुनावणीच्याच दिवशी दुपारी बाई म्हातारीच्या घरी गेल्या. हातावरचे फोड आता फुटले होते. लेकीने काही न विचारता चूल पेटवली, भांडं ठेवलं, तेल ओतलं. इतक्या दिवसांनी त्या घरात तो वास सुटला आणि म्हातारी डोळे मिटून बसली.

"दोरा देतेस?" डोळे न उघडताच तिने विचारलं. "तुला सांगीन. गाळणार नाही काही."

अकरा वर्षांत ज्याला ज्याला हे ऐकायचं होतं त्या सगळ्यांची तोंडं बाईंना आठवली. त्यांनी पदर घट्ट आवळून घेतला.

"नको मावशी. मला फक्त हाताला लावा."

साली पडल्या, मेण पडलं. मग लेक कोनाड्याकडे हात नेताना क्षणभर घुटमळली. बाई उठल्या, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि लेकीने "झालं" म्हणेपर्यंत वळल्या नाहीत.